विहिरीत पाणी आहे, पण लाईट गेली की वर काढायचं कसं?

कौलारू (पेडणे तालुका)

नमस्कार मंडळी. मे उजाडला की माझ्या पोटात गोळा येतो. का ते आधी सांगते, मग प्रश्न विचारते. थोडं लांबेल.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ गोव्यात जमिनीवर आलंच नाही, समुद्रातूनच उत्तरेला गेलं. पण जाता जाता आमच्या वळणावरचा माड त्याने विजेच्या खांबावर आडवा केला. तारा गडग्यावर लोंबकळत होत्या, निम्मी कौलं अंगणात, आणि सगळीकडे मानकुरादचा सडा. त्यातले चार आंबेसुद्धा धड निघाले नाहीत. गेलेली लाईट पाचव्या दिवशी आली. कोविडचा कर्फ्यू चालू होता, त्यामुळे शेजारी यायचे तेही फाटकापर्यंतच.

अंधाराचं एवढं काही नाही. समई होती, मेणबत्त्या होत्या, गॅस होता. पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं सामान भरून झालं होतं, म्हणून सुकी सुंगटं (कोळंबी), सोलं, उकडे तांदूळ घरात होते. पेज आणि सुक्या सुंगटांची किसमूर पाच दिवस खाता येते, मुलांनी तोंड वाकडं केलं तरी.

खरे हाल पाण्याचे झाले. नळ बंद, कारण चांदेलच्या प्रकल्पातून पाणी पुढे ढकलायलाही वीजच लागते. छपरावरची टाकी सोमवारी दुपारी रिकामी. आणि परसात विहीर! आजेसासऱ्यांनी बांधलेली, चिऱ्यांची. मेअखेरीसही आटत नाही. पण २०१८ साली आम्ही तिच्यात पाण्याखालचा पंप सोडला, मुलं लहान म्हणून वर लोखंडी जाळी टाकली आणि नटबोल्टनी आवळून घेतली. बोल्ट गंजून असे बसले की पाना फिरेना. जाळीच्या भोकातून कळशी जात नाही. सागवानी रहाट होता, तो माझ्या नवऱ्याने एका होमस्टेवाल्याला विकलेला. हल्ली त्यावर मनीप्लांट चढवलाय म्हणे.

शेवटी एक लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला दगड बांधला आणि सुतळीने ती भोकातून खाली सोडली. एक कळशी भरायला पंधरा बाटल्या. मी मोजल्यात. संडासात टाकायला पागोळ्यांखाली भाण, घागरी, पिठाचे डबे, सगळं मांडलं होतं. पाऊस तेवढा भरपूर पडत होता.

आता प्रश्न. नवरा म्हणतो मोठा इन्व्हर्टर घेऊ, नाहीतर जनरेटर, म्हणजे पंपच चालेल. मी म्हणते आधी जाळी उघड. कोण बरोबर? दुसरं, सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. त्या पाच दिवसांत ते खराब झालं की नाही या काळजीने मी अर्धी झाले. आणि तिसरं, वादळानंतर विहिरीत पालापाचोळा पडतो, ते पाणी प्यायचं कसं?

जुना लाईनमन

बाय, तुझं बरोबर. नवऱ्याला हे वाचून दाखव.

एक एचपीचा पंप म्हणजे ७४६ वॅट, आणि सुरू होताना तो त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो. घरगुती इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. इन्व्हर्टर घ्यायचा तो पंखे, दिवे आणि मोबाईलसाठी. १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी धर, १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. त्यातले सगळे मिळत नाहीत. दोन पंखे आणि चार एलईडी दिवे लावलेस तर रात्र निघते. पाच दिवस नाही निघत.

जनरेटर घेतलात तर एक गोष्ट हात जोडून सांगतो. तो घरातल्या प्लगात घुसवून घर चालू करू नका. मी ३१ वर्षं खांबावर चढलो. तुमचे २३० व्होल्ट सर्व्हिस वायरने उलटे ट्रान्सफॉर्मरला जातात आणि पलीकडे ११,००० होऊन बाहेर पडतात. आम्ही लाईन बंद केली म्हणून तारेला हात घालतो, आणि कुणाच्या तरी परसातला जनरेटर ती जिवंत करतो. माझ्या हाताखालच्या पोराला असाच झटका बसला होता. कमरेच्या पट्ट्याने खांबाला लटकला म्हणून खाली पडला नाही, वाचला. चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे घराला एका वेळी लाईन नाहीतर जनरेटर, एकच जोडला जातो. तोही लायसन्सवाल्या माणसाकडून. आणि जनरेटर पडवीत ठेवायचा नाही. उघड्यावर, खिडकीपासून लांब. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

गडग्यावर लोंबकळणारी तार मेलेलीच आहे असं कुणी धरू नये. लांब राहायचं, मुलांना-गुरांना लांब ठेवायचं, १९१२ ला फोन करायचा.

आणखी एक, कारण दर वादळाला शिव्या खाल्ल्यात. "शेजारच्या वाड्यावर लाईट आली, आमची का नाही?" आधी ३३ केव्हीची (३३,००० व्होल्टची) लाईन उभी करतात, मग ११ केव्हीचा फीडर, मग ट्रान्सफॉर्मर, मग वाड्यावरच्या तारा, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या घरात येणारी वायर. तुमचा वाडा वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर असेल तर शेजारी उजेड आणि तुमच्याकडे काळोख, यात वशिला काही नसतो. म्हणजे, बहुतेक वेळा नसतो.

नर्सबाई, वाळपई

मी निवृत्त आहे, तरी डोस कमीजास्त करायचा तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. साठवणीचं तेवढं सांगते.

चालू असलेली इन्सुलिनची बाटली साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालते, फक्त ऊन आणि उष्णता नको. नक्की किती दिवस ते खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं. न उघडलेल्या बाटल्यांना फ्रिजच हवा. लाईट नसेल तेव्हा दोन्हीसाठी सोपा उपाय म्हणजे मातीचं मडकं. मोठ्या मडक्यात थोडं पाणी, त्यात लहान मडकं, लहान मडक्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाटल्या, वर ओलं फडकं. आपल्याकडे हवा दमट, त्यामुळे विदर्भात गार होतं तेवढं होणार नाही, पण स्वयंपाकघरातल्या फळीपेक्षा बरं. इन्सुलिन बर्फाला टेकवू नका, गोठलं की फुकट गेलं. आणि लाईट गेली की फ्रिज उघडायचा नाही. बंद फ्रिज चारेक तास थंडी धरतो. आमच्या घरी दर दहा मिनिटांनी कुणीतरी "गार आहे का अजून" म्हणून उघडून बघतं.

विहिरीचं गणित असं. व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४. मापं मीटरमध्ये घ्या. उत्तराला हजाराने गुणलं की लिटर मिळतात. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर. ती थेट विहिरीत ओतू नका. बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या आणि ती बादली विहिरीत सोडून खालीवर हलवा. तासभर पाणी काढू नका. आधी पाचोळा जाळीने काढायचा, नाहीतर क्लोरीन तोच खाऊन टाकतो. एवढं करूनही प्यायचं पाणी उकळायचं. आणि पावडरीचं पाकीट ताजं हवं, वर्षभर उघडं पडलेल्या पाकिटाला वास सोडून काही उरत नाही.

फोंडेकर

सोलर पंप लावा, प्रश्न संपला.

कौलारू

फोंडेकर, तौक्तेच्या त्या पाच दिवसांत ऊन किती तास होतं ते आठवतंय का तुम्हाला? 🙂

लाईनमनकाका, नर्सबाई, फार उपकार. दोघांचं लिहिलेलं जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. नवरा काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी वेल्डरला घेऊन आला. जाळी मधोमध कापून बिजागरीचं झाकण केलंय, वर कुलूप, किल्ली देवघरात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून लोखंडी कप्पी आणली. दोर मी काथ्याचाच घेतला. नवरा नायलॉनचा आणत होता. ओल्या हाताने नायलॉन ओढून बघ म्हटलं एकदा.

दोर किती लांब घ्यायचा हे मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं. एवढी वर्षं बटण दाबतोय. सासूबाई म्हणाल्या बावीस हात. दगड बांधून मोजलं तर चोवीस भरले. त्यांच्या वेळेपेक्षा पाणी खाली गेलंय की त्यांचा हात लांब होता, यावर घरात अजून वाद चालू आहे.

त्याच दोराने पाणीही मोजलं. विहिरीचा व्यास २ मीटर, पाण्याची खोली २.४ मीटर. थोरल्याने नर्सबाईंचं गणित केलं, १८८ ग्रॅम पावडर आली. बरोबर आहे ना? पाकीट आणलंय, उद्या सकाळी टाकणार.

नर्सबाई, वाळपई

थांबा थांबा! १८८ नाही, १८.८. पाणी साडेसात हजार लिटर, म्हणजे १९ ग्रॅम धरा. थोरल्याला सांगा दशांश चिन्ह विहिरीत पडलं.

कौलारू

पडलं खरं. आता तोच कळशी घेऊन शोधतोय.