गिरणाकाठच्या विहिरींवर वाळू-गोट्याच्या उपशाचा परिणाम कसा मोजावा?

प्रश्न : नदीकाठचा शेतकरी

भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठी आमची शेती आहे. गेल्या काही वर्षांत पात्रातली वाळू तर गेलीच, आता तिच्याखालचा गोटाही उचलला जात आहे. ज्या विहिरी पूर्वी मे महिन्यातही पिण्यापुरते पाणी देत, त्या आता मार्चमध्येच तळ गाठतात. ग्रामसभेत विषय काढला की पाऊस कमी झाला आणि बोअर वाढले, असे उत्तर मिळते. त्यात काहीच तथ्य नाही, असे मलाही म्हणवत नाही. उपशाचा परिणाम या दोन कारणांपासून वेगळा काढून दाखवता येतो का?

उत्तर १ : भूजल अभ्यासक

दाखवता येतो, मात्र त्यासाठी विहिरीबरोबर नदीचा तळही मोजावा लागेल. काठावरच्या विहिरीचे पाणी आणि पात्रातल्या वाळूतले पाणी एकमेकांना जोडलेले असते. पात्र खोल गेले की तिथली पाणीपातळी उतरते आणि विहिरीकडे येणारे पाणी उलट पात्राकडे झिरपू लागते. शिवाय साठवणही जाते. वाळू-गोट्याच्या थरातून त्याच्या आकारमानाच्या साधारण २० टक्के पाणी निघते असे धरले, तर एक हेक्टर पात्र एक मीटरने खोल केल्यावर सुमारे २० लाख लिटर साठवण नाहीशी होते. आपल्या काळ्या खडकात हेच प्रमाण एक ते तीन टक्क्यांच्या आसपास असल्याने तो खडक ही तूट भरून काढू शकत नाही.

म्हणून उपशाच्या जागेलगतच्या तीन-चार विहिरी निवडा आणि त्यांच्या जोडीला त्याच काठावरच्या, तशाच खोलीच्या, पण उपशापासून बऱ्याच दूरच्या विहिरी घ्या. पाऊस कमी पडला तर दोन्हीकडची पातळी उतरेल. केवळ जवळच्याच विहिरी जास्त उतरत असतील, तर कारण पात्रात शोधावे लागेल. खड्ड्यामुळे होणारी तळाची झीज पात्रात वरच्या अंगालाही सरकत जाते, त्यामुळे खड्ड्याच्या लगेच वरची विहीर तुलनेला घेऊ नका.

उत्तर २ : निवृत्त सर्वेक्षक

मोजणीत शिस्त नसेल तर आकडे कोणी मानणार नाही. कठड्यावर रंगाची कायम खूण करा, रात्रभर मोटर बंद ठेवा आणि सकाळी त्याच खुणेपासून टेपने पाणी मोजा. शेजारच्याने विहीर खोल केली किंवा आडवे बोअर मारले तर तारखेसह नोंद ठेवा. गिरणा धरणातून पाणी सोडल्याच्या तारखाही लिहा, कारण त्या दिवसांत काठच्या विहिरी आपोआप चढतात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे लेव्हल यंत्र (उंचीतला फरक मोजणारे उपकरण) लावून विहिरींवरच्या खुणा आणि पात्राचा तळ यांची उंची एकाच आधारबिंदूपासून मोजा. जवळ पूल असेल तर त्याच्या खांबाचा उघडा पडलेला पाया पाहा; मूळ नकाशाशी ताडल्यास तळ किती खचला ते तिथेच कळते.

उत्तर ३ : पाणी समिती सदस्य

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जवळच्या विहिरीच्या जुन्या नोंदी जिल्हा कार्यालयाकडे मागा. केंद्राच्या वाळू उत्खननाबाबतच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उत्खनन तीन मीटर किंवा पाणीपातळी, यांपैकी जे कमी असेल तेवढ्याच खोलीपर्यंत करता येते. खड्ड्यात पाणी उघडे दिसत असेल, तर खोलीसह त्याचा पंचनामा करून घ्या. विहिरींच्या नोंदी जमायला निदान एक पूर्ण वर्ष लागेल. पंचनाम्याला तेवढे थांबू नका.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. आमच्या खाली कोल्हापूर पद्धतीचा, म्हणजे फळ्या घालून पाणी अडवणारा बंधारा आहे. त्याने तुलना बिघडेल का?

भूजल अभ्यासक

फळ्या घातलेल्या असतात त्या काळात नक्कीच बिघडेल. बंधाऱ्याचा फुगवटा, म्हणजे मागे तुंबलेले पाणी, जिथवर पोहोचतो तिथवरच्या विहिरी वेगळ्या नोंदवा, आणि मुख्य तुलना फळ्या काढल्यानंतरच्या, म्हणजे पात्र कोरडे असतानाच्या मोजणीवर करा.