शांतता ‘प्रस्थापित’ करायची की तिची घडी बसवायची?

विलेपार्ले (विचारणा)

नमस्कार मंडळी, एका शब्दाने मला आठ दिवस अडवून ठेवलंय. यादवीतून बाहेर पडलेले देश पुन्हा कसे उभे राहतात, यावरची एक पुस्तिका मी मराठीत करतेय. वाचणार आहेत राज्यशास्त्राची पदवीची मुलं. पहिल्याच पानावर ‘पीसबिल्डिंग’ आलाय. काम देणाऱ्या संस्थेने शब्दसूची पाठवलीय, तिच्यात याला ‘शांतता निर्माण’ म्हटलंय. व्याकरणाची चूक नाही, पण मला ते मराठी वाटत नाही. का वाटत नाही, ते मांडून बघते.

आधी शब्दाचं कूळ. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९७०च्या दशकात तीन कामं वेगळी काढली: भांडणाऱ्यांना बोलणीला बसवणं, हत्यारं थांबली की मध्ये उभं राहणं, आणि भांडण मुळात ज्यामुळे पेटलं ते बदलणं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी १९९२च्या अहवालात हे तिसरं काम ठळकपणे मांडलं आणि २००५ साली त्यासाठी वेगळा आयोगच नेमला गेला. पहिल्याला आपल्याकडे मध्यस्थी आहे, समेट आहे. दुसऱ्याला ‘शांतिसेना’ आहे, १९८७ साली आपलं सैन्य श्रीलंकेत गेलं तेव्हापासून हा शब्द घरोघरी माहीत झाला. तिसऱ्याला काय म्हणायचं?

अडचण ‘शांतते’पासूनच सुरू होते. मराठीत शांतता म्हणजे आधी आवाज नसणं. रुग्णालयाच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ असतं, वर्गात बाई ‘शांतता!’ म्हणतात. गाल्टुंग जिला नकारात्मक शांतता म्हणतात, म्हणजे गोळीबार थांबलाय पण भूक, भेदभाव आणि भीती जागच्या जागी आहेत, तिला आपल्याकडे नेमका शब्द आहे: स्मशानशांतता. तिच्या उलट जी, तिला मात्र नाही. ‘शांती’ म्हणावं तर वास्तुशांत आणि मनःशांती डोळ्यांपुढे येते.

क्रियापदाचीही अडचण आहेच. वर्तमानपत्रात शांतता नेहमी ‘प्रस्थापित’ होते. मूर्ती बसवावी तशी एकदाच, मुहूर्तावर, कोणा मोठ्या माणसाच्या हातून. पण करारावर सह्या झाल्या त्या संध्याकाळी गावात शिक्षक आलेला नसतो, पोलिसाला पगार मिळालेला नसतो, पळून गेलेल्या माणसाच्या शेतात दुसऱ्याचंच पीक उभं असतं. हे एकेक सोडवण्यात दहा-पंधरा वर्षं जातात आणि नेमकं तेच पीसबिल्डिंग.

मला सुचलेला शब्द आहे ‘घडी’. संसाराची घडी, राज्याची घडी, विस्कटलेली घडी पुन्हा बसवणं. परवा सासूबाईंची नऊवारी वाळत घातलेली काढली. ती एकटीला घडी घालता येत नाही. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. दोघींनी सारखं ताणायचं, मग एकीने चालत दुसरीकडे यायचं. माझ्याकडून जरा सैल पडलं तर त्यांनी पूर्ण उलगडून पुन्हा धरायला लावलं, कारण चुकीची चुणी एकदा बसली की इस्त्रीनेही जात नाही. तेव्हा वाटलं, दोन्ही टोकांना माणूस लागतो हे ‘निर्माण’मध्ये कुठे आहे? (हिंदीत कपड्याच्या घडीला ‘तह’ म्हणतात आणि आपण कराराला. व्युत्पत्तीचा दावा करत नाही, पण दोन्ही शब्द शेजारी ठेवावेसे वाटतात.)

सूचीत आणखी दोन नोंदी खटकतात. ‘इकॉनॉमिक रिकव्हरी’ला ‘आर्थिक वसुली’ आणि ‘गव्हर्नन्स’ला ‘शासन’. जाणकारांनी बोलावं.

मुलुंड

ताई, ‘आर्थिक वसुली’ आजच खोडा. माझी ३४ वर्षं बँकेत गेली, त्यातली सहा वसुली खात्यात. वसुली म्हणजे घेणेकऱ्याने दारात जाणं. तुमच्या पुस्तिकेतला अर्थ बरोबर उलटा आहे.

लायबेरियाचंच बघा. १९८९ ते २००३, मधली थोडी वर्षं सोडली तर, देश यादवीत होता. जानेवारी २००६मध्ये एलेन जॉन्सन सर्लीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या. बाई अर्थतज्ज्ञ, पूर्वी अर्थमंत्री राहिलेल्या. हाती आलं काय, तर अब्जावधी डॉलरचं परकीय कर्ज, तेही वर्षानुवर्षं थकलेलं. थकीत खातेदाराला नवं कर्ज मिळत नाही, हा नियम आमच्या शाखेतल्या रिक्षावाल्याला जसा लागू, तसाच देशालाही. जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या कर्जबाजारी गरीब देशांसाठीच्या योजनेखाली जून २०१०मध्ये सुमारे ४.६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ झालं. म्हणजे वसुली थांबली तेव्हा देशाला सावरायला जागा मिळाली. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, आपल्याकडे दोन आहेत, ते वेगळेच राहू द्या. ‘अर्थव्यवस्था सावरणं’ लिहा. ठेच लागलेला माणूस तोल सांभाळून पुन्हा चालू लागतो, ते चित्र त्यात आहे.

‘शासन’ही नको. एक तर आपल्याकडे शासन म्हणजे सरकार, शिवाय ‘शासन करणं’ म्हणजे शिक्षा करणं. ‘सुशासन’ तर स्वतःलाच प्रशस्तिपत्र देऊन सुरू होतो. माझा कौल ‘कारभारा’ला. कारभार चोख असतो, भोंगळ असतो, एकखांबी असतो. आणि कारभार म्हटला की मागोमाग हिशेब येतोच.

लायबेरियातच याचा दाखला आहे. २००५मध्ये तिथल्या हंगामी सरकारने देणगीदारांशी करार केला आणि जिथे पैसा येतो तिथे, म्हणजे मध्यवर्ती बँक, बंदर, विमानतळ, वनखातं अशा ठिकाणी, परदेशी तज्ज्ञ नेमले. त्यांच्या जोडसहीशिवाय खर्च नाही. कारण उघड होतं. लाकूड आणि हिरे विकून बंदुका घेतल्या गेल्या होत्या, हंगामी सरकारातही गळती थांबत नव्हती. पुष्कळांना ही मदत वाटली, पुष्कळांना देशाच्या अधिकारावरचं अतिक्रमण. जोडसही सोसणं काय असतं हे मी खातेदारांच्या चेहऱ्यावर पाहिलंय, त्यामुळे दोन्ही बाजू कळतात. पण वाद होता तो कारभाराचा. ‘शासन’ लिहिलंत तर मुलांना वाटेल सरकार कोणाचं यावर भांडण होतं.

बोरिवली

‘घडी’ सुंदर आहे, पण परीक्षेच्या उत्तरात मूल काय लिहिणार? संज्ञा हवी, एका शब्दाची. ‘शांतताबांधणी’ घ्या. पक्षबांधणी, संघटनाबांधणी, मोर्चेबांधणी कधीच्या रुळल्यात. बांधणी एका दिवसात होत नाही हे त्यातच आलं.

विलेपार्ले

काका, ‘सावरणं’ आणि ‘कारभार’ दोन्ही घेतले. बोरिवलीकर, ‘शांतताबांधणी’ मला का सुचला नाही! संज्ञा तीच ठेवते, विवेचनात घडी वापरते.

धारावी

ताई, एक शब्द सूचीत नसेल, पण मजकुरात तुमच्याही नकळत येईल: ‘पूर्वपदावर’. तो येऊ देऊ नका.

जानेवारी १९९३मध्ये मुंबईत दंगल झाली तेव्हा मी आठवीत होते. वडिलांचा शिलाईचा कारखाना होता, सहा मशीनचा, पोटमाळ्यावर. तो जळला. एका सकाळी पेपरात छापून आलं, ‘जनजीवन पूर्वपदावर’. त्या सकाळी वडील राखेतून मशीनची लोखंडी चाकं वेगळी काढत होते. लाकडी टेबलं गेली होती, चाकं तेवढी उरली. कारागीर गावी निघून गेले, त्यातले दोन परत आलेच नाहीत. शेजारचं कुटुंब मुंब्र्याला गेलं, तसे कितीतरी गेले. कुठलं पूर्वपद? आणि ज्या पूर्वपदातून ती आग आली, तिथेच परत का जायचं? पावसात लोकल बंद पडली तर पूर्वपदावर येते, तेवढं ठीक आहे. ज्या देशात एकाच भागाला रस्ते आणि एकाच जमातीला नोकऱ्या होत्या म्हणून युद्ध झालं, तो देश पूर्वपदावर आला तर पुन्हा युद्धाच्याच दारात आला.

‘बांधणी’ला माझा पाठिंबा आहे, त्याचं कारण सांगते. आमच्या भागात आधी पोलीस ठाण्यातली ‘शांतता कमिटी’ होती. सणाच्या आधी बोलावणं यायचं, चहा व्हायचा, सह्या व्हायच्या, संपलं. दंगलीनंतर मुंबईत मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८पासूनच त्या चालवल्या होत्या, आणि मुंबई पेटली तेव्हा १९८४ची दंगल पाहिलेली भिवंडी शांत राहिली. वडील आमच्या कमिटीत होते. ते सांगायचे, पहिल्या सहा बैठकांत दंगलीचा विषयच निघाला नाही. नळ किती वाजता येतो, गटार कोण साफ करणार, रेशनवर तांदूळ का नाही, एवढंच. सातव्या बैठकीत एकाने विचारलं, त्या रात्री तुम्ही कुठे होता? तोवर माणसं विचारायच्या आणि ऐकायच्या अवस्थेला आली होती.

आणि ‘संघर्षग्रस्त देश’ लिहिणार असाल तर दोनदा विचार करा. गिरणगावात संघर्ष हा अभिमानाचा शब्द आहे, समित्यांच्या नावात असतो. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला, ग्रहणातल्या चंद्रासारखा. वडिलांच्या नुकसानभरपाईच्या अर्जावर ‘दंगलग्रस्त’ लिहिलेलं होतं. ते म्हणायचे, मी शिंपी आहे, ते कुठे लिहायचं?

विलेपार्ले

धारावीच्या ताई, ‘यादवीतून निघालेले देश’ असं करते. माणूस त्यातून निघालाय, एवढं तरी त्यात आहे.

तुमच्या वडिलांचं वाचलं आणि नेपाळ आठवला. तिथले कागद देवनागरीत असल्याने मी शब्द शोधायला तिकडे गेले होते. सरकार आणि माओवादी बंडखोर यांच्यातल्या नोव्हेंबर २००६च्या ‘विस्तृत शान्ति सम्झौता’नंतर, म्हणजे शांतता करारानंतर, माओवादी लढवय्ये छावण्यांत राहिले. त्यांची पडताळणी झाली. वयाने लहान असलेले किंवा उशिरा भरती झालेले असे चार हजारांवर जण वेगळे काढले गेले, २०१०मध्ये छावणीबाहेर पाठवले गेले आणि त्यांच्यावर शिक्का बसला: ‘अयोग्य’. नियमात न बसणारा एवढाच त्याचा कार्यालयीन अर्थ. पण गावात त्याचा अर्थ नालायकच होतो. बारा-चौदा वर्षांच्या वयात बंदूक हाती दिलेल्या मुलांना घरी जाताना हा शब्द सोबत मिळाला. त्याविरुद्ध ती पुढे कित्येक वर्षं भांडत राहिली. उरलेल्या एकोणीस हजारांपैकी सुमारे चौदाशेच अखेर सैन्यात गेले, बहुतेकांनी रोख रक्कम घेऊन घरचा रस्ता धरला. या सगळ्याला तिकडे ‘समायोजन’ म्हणतात. आपल्याकडे अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होतं, म्हणून मी तो घेत नाही.

कोलंबियाच्या बंडखोरांनी तर शब्दासाठी अडवून धरलं. सरकारशी झालेल्या २०१६च्या शांतता करारात शस्त्रांबद्दल स्पॅनिशमध्ये ‘एन्त्रेगा’, म्हणजे सुपूर्द करणं, हा शब्द त्यांना मान्य नव्हता. ‘देहासिओन’ लिहिलं गेलं, म्हणजे सोडून देणं. शस्त्रं सरकारच्या हाती गेली नाहीत, संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने घेतली, आणि ती वितळवून तीन स्मारकं करायची हेही करारातच होतं. मराठीत हा फरक जसाच्या तसा उतरतो: ‘शस्त्रं टाकली’ म्हणजे हरले, ‘शस्त्रं खाली ठेवली’ म्हणजे ठरवून ठेवली. सूचीत ‘शरणागती’ होतं, ते बदललं.

आता ‘रीइंटिग्रेशन’. लढणारा माणूस गावात परत येतो, त्याला काय म्हणू?

मुलुंड

जुना शब्द आहे, ‘गोतात घेणं’. मराठेशाहीत गोतसभा बसायची, वाळीत टाकलेल्याला दंड, प्रायश्चित्त देऊन परत घ्यायची. रुआंडात १९९४च्या नरसंहारानंतर खटले एवढे तुंबले की गावागावात ‘गचाचा’ नावाची न्यायसभा बसवली, ती २०१२पर्यंत चालली. त्या नावाचा संबंध गवताशी आहे. गवतावर बसून न्याय, जसा आपला पारावरचा.

धारावी

काका, राग मानू नका, पण गोत म्हणजे जात. त्या सभेत आमच्यासारख्यांना बसायला जागा नव्हती, आणि वाळीत टाकणारी तीच होती. गचाचातही सगळं गोडीने झालं नाही, साक्षीदारांना धमक्या आल्या. मुलांना ‘गोत’ शिकवू नका. ‘वस्तीत परत घेणं’ म्हणा.

मुलुंड

बरोबर आहे तुमचं. मी शब्दाच्या वयाकडे पाहिलं, तो कोणाला बाहेर ठेवत होता ते पाहिलं नाही. मागे घेतो.

विलेपार्ले

‘वस्तीत परत घेणं’ लिहिलं. सोमवारी पुस्तिका पाठवायची आहे. एकच जागा कोरी आहे, ‘रिकन्सिलिएशन’ची. नेपाळीत ‘मेलमिलाप’ आहे. आपल्याकडे ‘दिलजमाई’ आणि ‘मनोमीलन’ दोन्ही पक्षांतल्या गटांनी वापरून झिजवलेत, आणि मनं जुळली असा दावा मला करायचा नाही. ज्याने घर जाळलं त्याच्याच गल्लीत उद्या राहायचंय, त्याला काय म्हणतात?

धारावी

समोरच्या चाळीतले एक गृहस्थ होते. त्या रात्री ते जमावात होते हे वडिलांना माहीत होतं, आणि वडिलांना माहीत आहे हे त्यांनाही. शेवटपर्यंत दोघं एकमेकांच्या घरी गेले नाहीत. पण कमिटी सुरू होऊन चार वर्षं झाल्यावर त्यांच्या मुलीच्या लग्नाचे ब्लाउज आमच्याकडे शिवायला आले. माप द्यायला मुलगी आणि तिची आई दोघी आल्या होत्या. वडिलांनी टेप माझ्या आईच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. शिलाई पूर्ण घेतली, एक रुपया कमी नाही. रात्री आईने विचारलं, मिटलं का? ते म्हणाले, मिटलं नाही, बोलचाल सुरू झाली.