मदत हवी आहे: स्कॅन केलेल्या कव्हरवर जाळी, गाडीत कव्हर दिसतच नाही, आणि एका अल्बमचे दोन झालेत

अधीर_श्रोता
संग्रहातल्या अल्बमची कव्हरं स्कॅन करून गाण्यांना लावतोय. निम्मी झाली आहेत, उरलेली करण्याआधी तीन गोष्टी सुटायला हव्यात.
१) स्कॅनवर बारीक जाळी दिसते. चेहऱ्यांवर आणि आकाशावर जास्त. काहींच्या कडा धूसर आहेत.
२) कॉम्प्युटरवर कव्हर दिसतं, गाडीतल्या स्टिरिओवर नाही. सगळ्याच अल्बमचं नाही असं नाही, काहींचं दिसतं.
३) एका अल्बमचे प्लेअरमध्ये दोन अल्बम झालेत, एकाला कव्हर आहे, दुसऱ्याला नाही.
'नेटवरून उतरवून घ्या' हे कृपया कोणी सांगू नये. यातली बरीच नेटवर नाहीत. जरा लवकर सांगा.

नेमकं_बोला
एलपी, सीडी की कॅसेट? स्कॅनर कोणता? किती डीपीआय, म्हणजे इंचाला किती पिक्सेल? गाणी एमपी३ की आणखी काही? कव्हर कशाने लावलं? हे कळल्याशिवाय लवकर काय सांगणार?

सुईधारक
एलपी असतील तर कव्हरं उभी ठेवा, आडव्या थप्पीत नको. खालच्यांवर तबकडीच्या आकाराचा गोल घासून उमटतो, तो मग स्कॅनमध्येही येतो. पीव्हीसीच्या पिशव्या काढून टाका, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनच्या वापरा.

अधीर_श्रोता
ठेवायची कशी हे विचारलेलं नाही.
एलपी आणि सीडी दोन्ही. साधा स्कॅनर, ३०० डीपीआय. एमपी३ आणि थोडे फ्लॅक (दर्जा न घटवणारा ध्वनी-प्रकार). एमपी३टॅगने लावली, गाण्याच्या फाईलमधली माहिती (टॅग) बदलायचा प्रोग्रॅम.

नेमकं_बोला
साधा म्हणजे प्रिंटरच्या डोक्यावर असतो तो? मग बहुधा सीआयएस सेन्सर आहे, आणि कडा धूसर होण्याचं कारण तेच. सीआयएसला काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. कागद एक-दोन मिलिमीटर उचलला गेला की चित्र मऊ पडतं. सीसीडीवाल्या जाडजूड स्कॅनरमध्ये आरसे आणि भिंग असतं, त्याला थोडी उंची चालते.
एलपीचं जॅकेट साधारण ३१.५ सेंमी चौरस. ए४ काच २१.६ गुणिले २९.७. म्हणजे दोन्ही बाजूंनी अपुरी, चार तुकड्यांत स्कॅन करावं लागतं आणि जॅकेट काचेबाहेर लोंबतं. काचेभोवतीची प्लॅस्टिकची चौकट काचेपेक्षा किंचित वर असते. जॅकेट तिच्यावर चढतं आणि नेमकं कडेला उचललं जातं. ए३ काच आणली तरी २९.७ ची बाजू कमीच पडते, दोन तुकडे होतातच.

पांढरा_पडदा
म्हणून एलपी स्कॅन करूच नयेत. कॅमेरा स्टँडवर उलटा लावा, जॅकेट खाली सपाट, दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर. ५० मिमी किंवा त्याहून लांब भिंग, एफ ८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. व्हाइट बॅलन्स करड्या कार्डावरून एकदा लावायचा आणि मग हात लावायचा नाही. आधी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो काढून चार कोपरे आणि मध्य यांच्या उजेडाचे आकडे बघा. ठळक फरक असेल तर दिवे सरकवा. चकचकीत लॅमिनेशन असेल तर दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि भिंगावर पोलरायझर, चमक जाईपर्यंत फिरवायचा. चार तुकडे जोडायची भानगडच नाही.

हळूहळू
आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चित्राची लहान बाजू ४००० पिक्सेल. थोडी मोकळी जागा सोडली की हातात ३८००, म्हणजे इंचाला जेमतेम ३००. स्कॅनर ६०० सहज देतो. तेवढ्यासाठी दिवे, फिल्म आणि स्टँड?

पांढरा_पडदा
जाळीदार छपाईत ३०० च्या पुढे तपशील असतो कुठे? ६०० ला तुम्ही ठिपक्यांची वस्ती मोजता, चित्र नव्हे.

हळूहळू
ठिपके नीट मोजले गेले तरच ते नीट पुसता येतात. जाळीचं मूळ तिथेच आहे, आणि धागाकर्त्यांचा पहिला प्रश्न तोच आहे.
ऑफसेट छपाईत इंचाला साधारण १३३ ते १७५ ओळींची ठिपक्यांची जाळी असते. ३०० डीपीआयला एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम दोन पिक्सेल येतात. दोन जाळ्या एकमेकींवर जवळपास बसतात, पण पूर्ण बसत नाहीत, म्हणून तिसरीच मोठी नक्षी उमटते. सपाट रंगात आणि त्वचेवर ती लगेच दिसते. ६०० ला एका ठिपक्याला चार पिक्सेल मिळतात, मग पुसायला वाव राहतो.
क्रम असा: ६०० ला, स्कॅनरचं शार्पनिंग बंद ठेवून स्कॅन. पूर्ण आकारातच साधारण दोन पिक्सेलचा गॉशियन ब्लर (चित्र हलकं धूसर करणं). मग चित्र निम्मं. सरळ करणं आणि कापणं त्यानंतर. शार्पनिंग अगदी शेवटी आणि हलकं. उलट केलंत, म्हणजे आधी लहान करून मग ब्लर, तर नक्षी चित्रात मुरलेली असते आणि निघत नाही. स्कॅनरचं 'डीस्क्रीन' बटणही हेच करतं, पण किती करायचं ते तोच ठरवतो. बारीक अक्षरं असलेल्या मागच्या बाजूला ते वापरू नका, अक्षरं विरघळतात.

अधीर_श्रोता
म्हणजे झालेली सगळी पुन्हा करायची?

हळूहळू
ज्यांवर जाळी दिसते तेवढीच. ३०० च्या फाईलमधून ती सुटी करता येणार नाही.

सुईधारक
एलपीवरून एमपी३ का करताय? तबकडी २४ बिट ९६ किलोहर्ट्झला फ्लॅकमध्ये घ्या, मग कव्हरचं बघू.

नेमकं_बोला
सुईधारक, हा धागा कव्हरचा आहे.
स्कॅनच करायचं ठरवलंत तर दोन गोष्टी. 'ऑटो एक्स्पोजर' आणि 'ऑटो कलर' बंद करा. नाहीतर चारही तुकड्यांचा उजेड वेगळा येतो आणि जोड उघडे पडतात. दुसरं म्हणजे जॅकेट फिरवू नका, सरकवा. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने पडतो, त्यामुळे जॅकेट १८० अंशांत फिरवलं की सुरकुत्यांची सावली उलट्या बाजूला येते. जोडल्यावर अर्धी सुरकुती वर आलेली आणि अर्धी खचलेली दिसते. झाकण निघत असेल तर काढून ठेवा, जॅकेटवर सपाट फळी ठेवून हलकं वजन द्या. काचेवर जोर नको. तुकडे जोडायला हगिन हा प्रोग्रॅम चालतो. फोटोशॉपचं फोटोमर्ज असेल तर त्यात 'रिपोझिशन' निवडा. 'ऑटो' ठेवलं तर ते चित्र पॅनोरमा समजून वाकवतं.
चौकट काढता येत नसेल आणि सेन्सर सीआयएस असेल, तर एलपीपुरतं पांढरा_पडदा यांचं बरोबर. सीडीची पुस्तिका १२ सेंमी चौरस, ती कुठल्याही काचेवर बसते, तिला कॅमेरा कशाला?

पांढरा_पडदा
'एलपीपुरतं' का होईना!

कोरा_कागद
पुस्तिकेचा कागद पातळ असेल तर मागचं छापील पुढे उमटतं. मागे काळा कागद ठेवा. झाकणाची आतली बाजू पांढरी असल्याने ती उजेड परतवते आणि मागची अक्षरं दिसतात.

फोल्डरभक्त
दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघणार आहे का? माझं मत: गाण्यात चित्र कोंबूच नये. प्रत्येक अल्बमच्या फोल्डरमध्ये एकच फाईल, नाव कव्हर, इंग्रजी लहान लिपीत. हिशोब करा. दोन एमबीचं चित्र, अल्बममध्ये १२ गाणी, असे ४०० अल्बम. ९.६ जीबी नुसती तीच तीच चित्रं. शिवाय टॅगमध्ये मोकळी जागा नसेल तर चित्र बदलताना अख्खी फाईल नव्याने लिहिली जाते, म्हणजे बॅकअपच्या दृष्टीने सगळा संग्रह बदलला.

नेमकं_बोला
गाडीतले बहुतेक स्टिरिओ फोल्डरमधली फाईल बघतच नाहीत, गाण्यातलंच चित्र वाचतात. दोन एमबीचं लावायला कोणी सांगितलंय? १५० केबीचं लावलं तर तुमचाच हिशोब ७२० एमबीवर येतो.

फोल्डरभक्त
गाडीसाठी वेगळी प्रत करा. मूळ संग्रहात नको.

कोरा_कागद
फोल्डरमधल्या फाईलचेही नखरे असतात. जुना विंडोज मीडिया प्लेअर 'फोल्डर' नावाची २०० गुणिले २०० ची लपवलेली फाईल स्वतःच टाकत असे, आधीची असली तर तिच्यावरच. लिनक्सवरच्या सर्व्हरला नावातलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं वाटतं. फाईल डोळ्यांसमोर असते आणि प्लेअर म्हणतो नाही.

नेमकं_बोला
अधीर_श्रोता, गाडीत न दिसणाऱ्या आणि दिसणाऱ्या अल्बममध्ये फरक काय? चित्र किती पिक्सेलचं, आणि जेपेग कशातून काढलं?

अधीर_श्रोता
न दिसणारी सगळी ३००० गुणिले ३०००. जिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्रॅममधून. दिसणारी आधीपासून गाण्यात होती, मी लावलेली नाहीत.

नेमकं_बोला
हे आधी आलं असतं तर निम्मा धागा वाचला असता.
जिंपच्या जेपेग निर्यातीच्या खिडकीत 'प्रोग्रेसिव्ह'वर खूण असेल तर काढा. साधं, म्हणजे बेसलाइन जेपेग वरून खाली ओळीओळीने उलगडतं, त्याला थोडीच मेमरी लागते. प्रोग्रेसिव्हमध्ये आधी पुसट अख्खं चित्र आणि मग थरांवर थर, त्यासाठी पूर्ण चित्राचा डेटा मेमरीत धरावा लागतो. बरेच स्टिरिओ ते जमवत नाहीत आणि गुपचूप रिकामा चौकोन दाखवतात. त्यात ३००० पिक्सेल म्हणजे आणखी भार. गाडीसाठी ५०० ते ६०० पिक्सेल, बेसलाइन, एसआरजीबी (पडद्यांचा नेहमीचा रंगसंच), २०० केबीच्या आत. रंग सीएमवायके (छपाईचे चार रंग) असतील तरी दिसणार नाही, पण स्कॅनमधून तसं सहसा येत नाही.
आकार आधीच ठीक असलेल्या फाईल पुन्हा निर्यात करू नका, दर्जा उतरतो. जेपेगट्रॅन नावाची छोटी आज्ञावली आहे, प्रोग्रेसिव्हचा पर्याय न देता तिच्यातून फाईल काढली की चित्राला धक्का न लागता बेसलाइन होते.
एमपी३टॅगच्या पर्यायांत टॅगची आवृत्ती आयडी३ २.३, यूटीएफ-१६ ठेवा. २.४ जुन्या स्टिरिओंना पचत नाही. आणि चित्राचा प्रकार 'फ्रंट कव्हर' आहे ना ते तपासा. पुढचं आणि मागचं दोन्ही गाण्यात घातलंत तर काही यंत्रं प्रकार न बघता जे पहिलं सापडेल ते दाखवतात.

हळूहळू
उतरवलेल्या चित्रांसाठी पुरवणी: नावाला जेपीजी आणि आत वेबपी हा वेगळाच चित्रप्रकार, असं सर्रास असतं. कॉम्प्युटर नाव न बघता आतलं ओळखतो म्हणून तिथे दिसतं, स्टिरिओ फसतो.

सुईधारक
एसआरजीबी कशाला? अ‍ॅडोबी आरजीबीत रंग जास्त मावतात.

पांढरा_पडदा
मावतात, पण प्रोफाइल न वाचणाऱ्या प्लेअरवर फिके पडतात. जपून ठेवायच्या मोठ्या टिफ फाईलमध्ये हवं ते ठेवा, गाण्यात लावायच्या प्रतीत एसआरजीबीच.

कोरा_कागद
टिफचा आकार आधी मोजा. एलपी ६०० डीपीआयला सुमारे ७४४० पिक्सेल चौरस, २४ बिटला १६६ एमबी. सीडीची पुस्तिका पानाला २४ एमबी. ती अल्बमच्या फोल्डरमध्येच ठेवलीत तर काही सर्व्हर त्यांनाच कव्हर समजून लघुचित्रं करायला बसतात. वेगळ्या डिस्कवर फोल्डरांचं वेगळं झाड करा, फोल्डरची नावं मात्र तीच ठेवा.

अधीर_श्रोता
बेसलाइन ६०० पिक्सेलने दोन अल्बम करून पाहिले, गाडीत दिसले. आता तिसरा प्रश्न. एकाच अल्बमचे दोन.

फोल्डरभक्त
'अल्बम आर्टिस्ट' रकाना रिकामा असणार. वेगवेगळे गायक असलेल्या अल्बममध्ये तो भरला नाही की प्रत्येक गायकाचा वेगळा अल्बम होतो.

अधीर_श्रोता
भरलेला आहे. सगळ्यांना तोच. अल्बमचं नावही अक्षरशः तेच: 'दुसऱ्या भागातली निवडक गाणी'. वर्ष तेच, डिस्क क्रमांक तोच. शेवटी मोकळी जागाही नाही, पाहिलं.

हळूहळू
नाव एकदाच टाइप केलं, की काही गाण्यांना फोनवर आणि काहींना कॉम्प्युटरवर?

अधीर_श्रोता
पहिली सहा फोनवर. त्याने काय होतंय?

हळूहळू
'ऱ्य' दोन प्रकारे लिहिला जातो. एका कीबोर्डवर ऱ, हलन्त, य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह, आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, प्लेअरला मात्र दोन वेगळी नावं. युनिकोडचं (अक्षरांच्या संगणकीय क्रमांकांचं) सामान्यीकरण, म्हणजे सारखी रूपं एक करणं, केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, कारण ते जोडचिन्ह तसंच राहतं. सगळी गाणी एकत्र निवडा, एमपी३टॅगमध्ये अल्बमच्या रकान्यात नाव एकदाच लिहा आणि साठवा. अल्बम आर्टिस्टलाही तसंच करा, तिथेही हाच घोळ असू शकतो.

सुईधारक
अवांतर: नावं देवनागरीत ठेवली तर 'ळ'ची नावं यादीत 'ल'च्या लगेच मागे येतात, 'ह'च्या नंतर नाही. युनिकोडचा क्रमच तसा आहे. यावर उपाय?

नेमकं_बोला
टॅगमध्ये 'अल्बम सॉर्ट' नावाचा वेगळा रकाना असतो, क्रमासाठी हवं ते रूप त्यात लिहा. सगळे प्लेअर तो पाळत नाहीत. यासाठी नवा धागा काढा.

अधीर_श्रोता
अल्बम एक झाला. पण फोनवरच्या प्लेअरमध्ये अजून जुनं, रिकामं कव्हरच दिसतंय.

कोरा_कागद
तो लघुचित्रांचा साठा आहे. फाईल बदलली तरी प्लेअर आधी काढून ठेवलेलं दाखवतो. प्लेअरची कॅशे, म्हणजे हा साठा, पुसा आणि संग्रह पुन्हा वाचायला लावा. तरीही नाही गेलं तर तो फोल्डर फोनवरून काढा, प्लेअर एकदा उघडून बंद करा, मग परत टाका.

पांढरा_पडदा
कॅसेटची कव्हरंही असतील तर आत्ताच सांगा. पुढची बाजू साधारण साडेसहा गुणिले दहा सेंमी, चौरस नाही. प्लेअर ती कापतात किंवा ताणतात.

अधीर_श्रोता
आहेत. साठेक.

नेमकं_बोला
आणि हे आत्ता सांगताय! चित्र ताणू नका. उंचीएवढा चौरस घ्या, मधोमध कव्हर ठेवा, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत कव्हरच्या कडेचाच रंग भरा. आणि दहा सेंमी आहे म्हणून डीपीआय कमी करू नका, कॅसेटवरची अक्षरं सगळ्यात बारीक असतात.