मदत हवी आहे : फॉर्म्युल्यातलं पाम ओलीन आणि बाळाची हाडं

माझी मुलगी साडेतीन महिन्यांची आहे, दूध कमी पडल्यामुळे दुसऱ्या महिन्यापासून पूर्ण फॉर्म्युल्यावरच आहे. वजन छान वाढतंय पण शी घट्ट होते, अगदी ओल्या मातीच्या गोळ्यांसारखी, आणि करताना बिचारी लालबुंद होऊन कुंथते. म्हणून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली तर त्यात पाम ओलीन (पाम तेलाचा पातळ भाग) दिसलं.

थोडं वाचल्यावर कळलं ते असं की आईच्या दुधातही पामिटिक अ‍ॅसिड (फॅटचा एक घटक) भरपूर असतं, पण ते बहुतांश फॅटच्या रेणूत मधल्या जागी असतं, पाम तेलात मात्र कडेला, मग पचताना ते सुटं होतं आणि आतड्यात कॅल्शियमला चिकटून त्याचा साबण बनतो, म्हणून शी घट्ट आणि कॅल्शियम थोडं वायाच. पाम ओलीनवाल्या फॉर्म्युल्यावरच्या बाळांच्या हाडांत पहिल्या 6 महिन्यांत खनिजं थोडी कमी भरल्याचं 2003 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. हे वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये. व्हिटॅमिन डी चे रोज 400 युनिट चालूच आहेत.

पाम ओलीन नसलेला किंवा बीटा पामिटेटवाला (म्हणजे पामिटिक अ‍ॅसिड आईच्या दुधासारखं मधल्या जागी असलेला) फॉर्म्युला कुणी दिलाय का? शीत फरक पडला का, आणि बदलताना हळूहळू मिसळत गेलात की एकदम बदललात? कुणी बालरोगतज्ज्ञ किंवा आहारतज्ज्ञ असतील तर प्लीज सांगा, हाडांवरचा हा फरक पुढे भरून निघतो का? परवा डॉक्टरांकडे जायचंय, त्यांना नेमकं काय विचारू तेही सुचवा.