विद्या बाळ : संपादकाने चळवळीत उतरावे का?

मांडवीतीर
आपल्या गोव्यातील मराठी वाचकांत विद्या बाळ यांचे नाव निघाले की बोलणे मोर्चे आणि याचिकांकडे वळते आणि त्यांचे संपादकपण मागे पडते. ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर यांच्या या नातीने 1964 मध्ये किर्लोस्करांच्या ‘स्त्री’ मासिकात काम सुरू केले, 1983 ते 1986 या काळात त्याचे संपादकपद सांभाळले आणि 1989 मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ हे स्वतःचे मासिक काढले. मधल्या काळात, 1974 मध्ये, त्यांनी जनसंघातर्फे पुणे महानगरपालिकेची निवडणूक लढवली होती आणि त्यात त्यांचा पराभव झाला होता. पुढे त्यांचे विचार किती बदलत गेले हे पाहिले, तर मासिकाच्या कामाने त्यांना घडवले असे मला ठामपणे वाटते, कारण बायकांची हस्तलिखिते आणि पत्रे वर्षानुवर्षे वाचणाऱ्या माणसाला आपली जुनी मते जशीच्या तशी जपता येत नाहीत. चळवळ ही त्यांच्या संपादनाचीच पुढची पायरी होती. आपल्याकडील दैनिकांत स्त्रियांचे प्रश्न अजूनही बहुधा पुरवणीत, पाककृतींच्या शेजारी छापले जातात. म्हणून अशा संपादकाची गरज मला इथे अधिक जाणवते.

फोंडेकर
विद्याताईंबद्दल मला पूर्ण आदर आहे, परंतु आपला निष्कर्ष मान्य नाही. पुण्यात 1982 मध्ये मंजुश्री सारडा या विवाहितेचा मृत्यू झाला. त्यानंतर स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगावी नेले आणि विद्याताई त्या कामात अग्रभागी होत्या. सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर दोषी ठरवायचे असेल तर त्या पुराव्याची साखळी कशी अखंड हवी, यासाठी हा निकाल आजही उद्धृत केला जातो. खटला चालू असताना ज्यांनी एक बाजू घेतली, त्यांच्या नियतकालिकात त्याच विषयावर आलेला मजकूर वाचकाने तटस्थ कसा मानावा? मुद्दा एका प्रकरणापुरता नाही. संपादक पक्षकार झाला की त्याच्या हातून नकळत काही बातम्या मोठ्या होतात आणि काही गळतात.

मांडवीतीर
आपण निकालाचा अर्धाच भाग सांगितलात. मंजुश्रीने आपल्या बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती व त्यांत सासरच्या जाचाची व्यथा होती. मृत्यूपूर्वीची अशी विधाने पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतात, हेही याच निकालाने सांगितले. पती दोषी की निर्दोष हे न्यायालयाने ठरवायचे होते आणि त्याने ते ठरवले. समाजासमोरचा प्रश्न निराळा होता. मुलगी लिहिते, सांगते, रडते आणि तरीही माहेरची माणसे तिला ‘थोडे सोस’ म्हणून परत पाठवतात, ते का? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही खटल्यात मिळत नाही. विवाहितेच्या छळाबद्दलचे 498-अ कलम 1983 मध्ये भारतीय दंड विधानात आले. त्यासाठी देशभर जो आवाज उठला, त्यात पुण्याच्या या कामाचाही वाटा होता. अशी पत्रे वाचून कपाटात ठेवणाऱ्या संपादकाला मी तटस्थ म्हणणार नाही.

काणकोणवासी
दोघांनीही पुण्याच्या पेठा ओलांडलेल्या नाहीत. स्त्री संपादकाचा विषय निघाला की तानूबाई बिर्जे यांचे नाव आधी घेतले पाहिजे. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकलेल्या या सत्यशोधक बाईने पतीच्या निधनानंतर ‘दीनबंधू’ पत्राची धुरा खांद्यावर घेतली आणि 1912 पर्यंत ते चालवले. शेतकरी, कामगार आणि बहुजन समाज हा त्या पत्राचा वाचक होता. ‘मिळून साऱ्याजणी’ने पुढे ग्रामीण आणि दलित स्त्रियांच्या लेखनाला जागा दिली हे मी जाणतो, तरीही त्या मासिकाची मूळ भाषा शिकलेल्या मध्यमवर्गीय घराचीच होती. गोव्यात खाणपट्ट्यातील किंवा मासळी बाजारातील बाईपर्यंत ती भाषा पोहोचली असती का, याची मला शंका आहे.

डिचोलीची वाचक
ही शंका रास्त आहे. मात्र इथे आणखी एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, त्याला उत्तर द्यावेसे वाटते. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून समान नागरी कायदा आहे, पत्नीचा मालमत्तेत अर्धा वाटा आहे, मुलींनाही मुलांसारखाच वारसा आहे, मग स्त्रीवादी नियतकालिक हवे कशाला, असे सुशिक्षित माणसेही विचारतात. त्यांनी वडिलांच्या मृत्यूनंतरचे एखादे घर जवळून पाहावे. नोटरीसमोर हक्कत्यागाचा कागद तयार असतो, भाऊ चहा मागवतो, काकी म्हणते, ‘माहेर तुटू नये गे बाये, कर सही’, आणि बहिणीबरोबर तिचा नवराही सही करतो, कारण कायद्याला दोघांची संमती लागते. हे सगळे कायदेशीर असते, म्हणून त्याची बातमी होत नाही. विद्याताईंच्या संपादनाचे मोल मला इथे कळते. गुन्हा घडलेला नसतानाही अन्याय असू शकतो, हे छापण्याजोगे आहे असे त्यांनी मानले आणि त्यासाठी बायकांना स्वतःच्या नावाने लिहायला लावले.

फोंडेकर
आपले हे उदाहरण मला पटले, पण ते माझ्याच बाजूचे आहे. हक्कत्यागावर लिहिण्यासाठी संपादकाला याचिकाकर्ता व्हावे लागत नाही, चांगला वार्ताहर नेमावा लागतो. मंदिरप्रवेशासाठी 2016 मध्ये विद्याताई स्वतः उच्च न्यायालयात गेल्या आणि प्रवेशाचा स्त्रियांचा हक्क न्यायालयाने मान्य केला. तो आदेश महाराष्ट्राच्या 1956 च्या कायद्यावर आधारलेला होता. त्या वर्षी गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, त्यामुळे तो कायदा आपल्याला लागू नाही. आपल्या देवळांच्या महाजनकीत, म्हणजे देवळाच्या कारभाराच्या वंशपरंपरागत हक्कात, स्त्रियांचे स्थान काय, हा प्रश्न इथल्या पत्रांनी स्वतंत्रपणे तपासायचा आहे आणि महाजनांशी ज्यांचा वाद न्यायालयात चालू आहे अशा संपादकाला ती तपासणी विश्वासार्हपणे करता येणार नाही.

मांडवीतीर
त्या वेळी विद्याताई 79 वर्षांच्या होत्या आणि त्यांनी आपली भूमिका कधीही लपवली नाही. बाजू जाहीर करून लिहिणाऱ्या संपादकाला वाचक तपासू शकतो. देवस्थान समितीवर स्वतः बसून अग्रलेखात मात्र तटस्थतेचा आव आणणाऱ्याला तो कसा तपासणार? वार्ताहर नेमण्याची आपली सूचना मला मान्य आहे, पण हक्कत्यागाची बातमी कोणत्या पानावर जाईल हे संपादक ठरवतो. सही करून आलेल्या बहिणीचे पत्र ज्याने कधी वाचलेलेच नाही, तो ती पहिल्या पानावर घेईल असे मला वाटत नाही.