टाकीचा भोंगा, ६०४ आणि जे डिला

(बी-१०३ मध्ये नवीन राहायला आलेल्यांनी विचारलं, "हे ६०४ प्रकरण काय आहे?" म्हणून त्या रविवारची चर्चा एका जागी उतरवून ठेवतोय. गुड मॉर्निंगची फुलं, सुविचार आणि दोन वाढदिवस गाळले आहेत. नावं माझ्या फोनमध्ये सेव्ह आहेत तशीच. – खजिनदार, सी-२०२)

सकाळी ७:५२

बी-२०१ तबला सर: बी विंगला पाणी नाही. सगळीकडेच नाही की फक्त आमच्याकडे?

बी-७०२ वकील काका: सगळीकडे नाही. अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत हा मेसेज टाइप करतोय, याची नोंद घ्यावी.

सेक्रेटरी: वॉचमनला विचारलं. टाकी भरल्याचा भोंगा वाजला म्हणून त्याने पंप बंद केला, असं म्हणतोय. वर जाऊन बघितलं तर टाकी अर्धीसुद्धा भरलेली नाही.

ए-५०४ काकू: तो भोंगा टाकीचा नव्हताच. ६०४ चा होता. काल रात्रीपासून वर काहीतरी अडकलंय. एकच तुकडा परत परत, परत परत. मध्येच भोंगा. पूर्वी कॅसेट अडकली की पेन्सिल घालून फिरवायचो, आता मुलांच्या डोक्यात काय घालायचं?

ए-६०४ ज्युनियर: सॉरी काकू 🙏 अडकलेलं नाहीये, ते तसंच आहे. अल्बम आहे. 'डोनट्स', जे डिलाचा. काल ७ फेब्रुवारी होती ना. २००६ मध्ये त्याच दिवशी आला, त्याच्या ३२व्या वाढदिवशी. आणि तिसऱ्या दिवशी, १० तारखेला, तो गेला. मी दरवर्षी पूर्ण लावतो.

सेक्रेटरी: ज्यांचं कुणाचं निधन झालं असेल त्यांना भावपूर्ण श्रद्धांजली. पण पंपाचं काय?

ए-६०४ ज्युनियर: काका, अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा हिप-हॉप संगीतकार होता, आपल्या ओळखीतला नाही. पंप मी खाली जाऊन सुरू करून आलोय.

(इथे विषय संपायला हवा होता. पण वकील काकांनी आंघोळ आटोपून पुन्हा फोन हातात घेतला.)

सकाळी ८:४०

बी-७०२ वकील काका: ६०४, लिंक पाठव. ज्या गोष्टीमुळे माझी आंघोळ थांबली ती काय आहे हे बघण्याचा मला हक्क आहे.

ए-६०४ ज्युनियर: पाठवली. ३१ तुकडे आहेत, सगळे मिळून साधारण ४३ मिनिटं. शब्द जवळजवळ नाहीतच, रॅप कुणी करत नाही. कृपया मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. हेडफोन लावा. आणि पहिल्या तीन मिनिटांत मत देऊ नका, प्लीज.

बी-३०३ आयटी दादा: भारी अल्बम! मी काम करताना असलं लावून ठेवतो मागे. लो-फाय, ते संथ, शांत ठेक्यांचं. लक्ष विचलित होत नाही.

ए-६०४ ज्युनियर: दादा, लो-फायवाले सगळे याच्याच खांद्यावर उभे आहेत, पण हा मागे लावून ठेवायचा अल्बम नाही. दर दीड मिनिटाला नवीन काहीतरी आदळतं. यात तुमचं लक्ष विचलित होत नसेल तर तुम्ही कामच करत नाही आहात.

बी-३०३ आयटी दादा: 😂 हे माझ्या मॅनेजरला सांगू नकोस.

सकाळी १०:१५

ए-५०४ काकू: ऐकलं. ११ नंबरला ट्रम्पेटवाल्याचा जो काही छळ केलाय तो ऐकवत नाही. तीच फुंकर, तीच फुंकर. लग्नातला बॅंडवाला पैसे मिळेपर्यंत दारात उभा राहून वाजवतो ना, तसं.

बी-७०२ वकील काका: माझं मत. यात नवीन संगीत कुठे आहे? जुन्या रेकॉर्डी घ्यायच्या, कापायच्या, उलट्यासुलट्या लावायच्या. ही कलाकृती असेल तर आमचा झेरॉक्सवाला चित्रकार आहे.

ए-६०४ ज्युनियर: काका, १८ नंबर पुन्हा ऐका. पहिल्या भागात तो जुनं गाणं जवळपास जसंच्या तसं वाजू देतो. सत्तरच्या दशकातला सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची भावगीतं, गाणारा ग्रुप आहे, द एस्कॉर्ट्स. आधी तुम्हाला मूळ माल दाखवतो. आणि मग तेच गाणं बारीक बारीक तुकडे करून पुन्हा लावतो, एकेका शब्दाचे, अर्ध्या हुंदक्याचे तुकडे. जादूगार आधी दोन्ही हात रिकामे दाखवतो तसं आहे ते.

सी-१०१ आजी: (नातीने टाइप केलंय) आजी म्हणते, ही तर गोधडी झाली. जुन्या साड्या फाडायच्या, चौकोन करायचे आणि टाका असा घालायचा की कुठली साडी कुणाची ते ओळखू आलं पाहिजे पण पांघरूण एकच झालं पाहिजे.

बी-७०२ वकील काका: आजींचा मान ठेवून सांगतो, गोधडीला साड्या आपल्या घरातल्या वापरतात. शेजारच्यांच्या दोरीवरच्या नाही.

(यावर अकरा जणांनी हसण्याची चिन्हं टाकली. आजींनी मात्र अंगठा दाखवला. त्यांना अंगठा म्हणजे 'बघून घेईन' वाटतं की 'बरोबर', हे अजून कुणालाच माहीत नाही.)

बी-७०२ वकील काका: गंमत बाजूला. २००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं एक गाणं खूप चाललं. निर्माता डीजे क्विक. त्यात लताबाईंचा आवाज घातलेला, 'ज्योती' सिनेमातल्या 'थोडा रेशम लगता है'मधला, संगीत बप्पी लाहिरींचं. ना विचारलं, ना नाव दिलं. लाहिरी लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेले. २००३ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, लाहिरींचं नाव घातल्याशिवाय अल्बम विकायचा नाही.

सी-४०३ डॉक्टर ताई: वा! मग पैसे मिळाले का त्यांना?

बी-७०२ वकील काका: तिथेच तर मेख आहे. पुढे निघालं की गाण्याचे हक्क लाहिरींकडे नव्हतेच, ते कंपनीकडे, म्हणजे सारेगमाकडे. लाहिरी हरले, आणि खोटा दावा रेटला म्हणून कोर्टाने त्यांच्याच वकिलाला दंड केला.

ए-६०४ ज्युनियर: म्हणजे काका, ज्याने चाल बांधली त्याची नाही, जिने गायली तिची नाही. मग शेजाऱ्याच्या दोरीवरची साडी नेमकी कुणाची?

बी-७०२ वकील काका: ज्याच्याकडे पावती आहे त्याची. कायदा असाच असतो, बाळा.

ए-६०४ ज्युनियर: आणि काका, हे पण बघा. डिलाचा मित्र मॅडलिब, त्याच रेकॉर्ड कंपनीत, लॉस एंजेलिसच्या स्टोन्स थ्रोमध्ये. त्याने २००७ मध्ये आख्खा अल्बम हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डींवर केला. नावातच 'इन इंडिया' आहे.

सी-१०१ आजी: (नात) आजी म्हणते तो लाव, त्यात निदान ओळखीचं काहीतरी असेल.

दुपारी १२:३०

(तबला सर सकाळपासून गप्प होते. पाणी आल्यावर त्यांनी ऐकलं, आणि मग एकदम तीन मेसेज आले.)

बी-२०१ तबला सर: मी दोनदा ऐकलं. पहिल्या वेळी राग आला. दुसऱ्या वेळी लक्षात आलं की पहिल्या तुकड्याचं नाव 'आउट्रो' आहे, म्हणजे समारोप, आणि शेवटच्याचं नाव 'वेलकम टू द शो'. चुकून रिपीटवर होतं, तर शेवटचा तुकडा संपला आणि थेट पहिल्यात शिरला. सांधा कळलाच नाही. आवर्तन आहे ते. बाळा, हे मुद्दाम केलंय का?

ए-६०४ ज्युनियर: मुद्दाम, सर! डोनट गोल असतो ना.

बी-२०१ तबला सर: अच्छा. मग तू मघाशी '४३ मिनिटं' म्हणालास ते चूक. त्याला शेवट नाही.

ए-५०४ काकू: तेच मी सकाळी म्हणत होते.

बी-२०१ तबला सर: दुसरं. मी ऐकून आहे की हा मनुष्य लयीसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे नेमकं काय करायचा?

ए-६०४ ज्युनियर: सर, एमपीसी नावाचं यंत्र असतं. सोळा रबरी बटणं. बोटांनी वाजवलेलं त्यात साठतं. 'क्वांटाइज' चालू असलं की मागेपुढे पडलेला प्रत्येक ठोका यंत्र ओढून बरोबर मात्रेवर बसवतं. डिला ते बंद ठेवायचा, नाहीतर एकेक आवाज मुद्दाम सरकवायचा. खालचा ढोल जरा उशिरा, वरचा टाळीसारखा ठोका जरा घाईत. बाकीचं सरळ. त्यामुळे चाल झिंगल्यासारखी वाटते, पण पडत नाही. पण खरं सांगायचं तर ते 'डोनट्स'मध्ये कमी आहे, इथे कापाकापीच जास्त. त्यासाठी त्याचा जुना ग्रुप स्लम व्हिलेज ऐका. द रूट्स या बॅंडच्या क्वेस्टलव्हसारखा ड्रमर या यंत्रावरच्या लयीची खऱ्या ड्रमवर नक्कल करायला शिकला, म्हणजे बघा.

बी-२०१ तबला सर: यंत्राने माणसासारखं वाजवायचं आणि माणसाने त्या यंत्रासारखं. कठीण आहे. माझ्याकडे रियाजाला इलेक्ट्रॉनिक तबला आहे. मात्रा सुईच्या टोकावर, तरी दहा मिनिटांत कान विटतो. साथीला माणूस बसला की तो कुठेतरी केसभर मागे रेलतो, कुठे पुढे येतो, आणि समेवर मात्र नेमका भेटतो. तुझा हा माणूस समेवर भेटतो. मी मोजलं.

सी-२०२ खजिनदार (मीच): माझी मुलगी अमेरिकेत असते, ती म्हणते त्याचं ते यंत्र वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात ठेवलंय. काचेत. मला वाटलं चेष्टा करतेय.

ए-६०४ ज्युनियर: खरं आहे काका, एमपीसी ३०००. आईने दिलं त्याच्या.

दुपारी ४:०५

सी-४०३ डॉक्टर ताई: मी आताच वाचलं आणि डोळे भरून आले 😢 हा सगळा अल्बम त्याने हॉस्पिटलच्या खाटेवर केला. त्याला टीटीपी होता. यात बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्या होतात, प्लेटलेट त्यात खर्ची पडतात. वर ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. बोटं सुजायची, तेव्हा आई चोळून द्यायची, मग तो पुन्हा बटणं दाबायचा. काकू, आता ऐका परत, वेगळं वाटेल.

ए-५०४ काकू: अरे देवा. मला माहीत नव्हतं हो. ११ नंबरबद्दल बोलले ते मागे घेते.

सेक्रेटरी: अशा जिद्दीला सलाम 🙏🙏

बी-३०३ आयटी दादा: अंगावर काटा.

ए-६०४ ज्युनियर: ताई, आजार खरा. आईने बोटं चोळणं तिनेच सांगितलेलं. शेवटच्या महिन्यांत व्हीलचेअरवर बसून युरोपात कार्यक्रम केले, तेही खरं. पण खाटेवर आख्खा अल्बम ही गोष्ट फुगवलेली आहे. डॅन चारनासने २०२२ मध्ये त्याच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलंय. त्याच्या म्हणण्याप्रमाणे यातलं बरंचसं आधी घरीच झालेलं, कच्च्या टेपच्या रूपात. तो आजारी असताना कंपनीच्या जेफ जॅंकने ते तुकडे ताणून अल्बमच्या मापाचे केले.

सी-४०३ डॉक्टर ताई: मग इतकी वर्षं सगळे तेच का सांगतात?

ए-६०४ ज्युनियर: कारण ती गोष्ट छान आहे. मीसुद्धा कॉलेजात सगळ्यांना तीच सांगायचो. आणि लोक ती ऐकून रडायचे, अल्बम ऐकून नाही. मला आता त्याचाच वैताग येतो. त्याने काय कापलं, कुठे कापलं, हे कुणी बोलतच नाही. सगळे सलाईनच्या बाटलीबद्दल बोलतात.

ए-५०४ काकू: म्हणजे ११ नंबर त्याने धडधाकट असताना केलंय?

ए-६०४ ज्युनियर: कोणतं कधी केलं ते नेमकं मला सांगता येणार नाही. पण तसं असू शकतं.

ए-५०४ काकू: मग मी मागे घेतलेलं परत देते. ते वाईटच आहे.

बी-२०१ तबला सर: काकूंचं मत आज दिवसभरातलं सर्वांत प्रामाणिक मत आहे. ११ मलाही आवडलं नाही. १८ आवडलं. १० तर फारच. त्यात लय मध्येच सैल पडते, दोरा सोडल्यासारखी, आणि पुन्हा ओढून धरतो. माणूस आजारी होता की नव्हता याने त्या जागेला काही फरक पडत नाही.

सी-१०१ आजी: (नात) आजी म्हणते फरक पडतो. गोधडी कुणी शिवली हे माहीत असलं की ती जास्त ऊब देते. (माझं मत: मला पण पडतो. सॉरी दादा.)

ए-६०४ ज्युनियर: 🙂

बी-७०२ वकील काका: माझं मत बदललेलं नाही. पण ३० नंबर तेवढा मी फोनमध्ये ठेवलाय. पुरावा म्हणून.

रात्री ८:२०

सेक्रेटरी: सर्व सभासदांना सूचना. संगीत रात्री १० नंतर हेडफोनवर. तसेच ज्या गाण्यात भोंगा आहे ते पंप चालू असण्याच्या वेळेत, म्हणजे सकाळी ७ ते ८ आणि संध्याकाळी ७ ते ८, लावू नये.

ए-६०४ ज्युनियर: काका, तो भोंगा अल्बमभर आहे. २ नंबरमध्ये येतो आणि मग कुठेही. मॅंट्रॉनिक्स नावाच्या जुन्या ग्रुपच्या रेकॉर्डमधून उचललाय. तरी ओके, पाळीन.

ए-५०४ काकू: मग आत्ता का वाजवतोयस? सूचना येऊन मिनिट नाही झालं. पाऊण तास झाला सारखा चालूच आहे. हा २ नंबर आहे, ओळखते मी आता.

बी-३०३ आयटी दादा: हो, मलाही ऐकू येतंय. मस्त वाटतंय पण लांबून.

बी-२०१ तबला सर: हा २ नंबर नाही. यात लय नाहीये.

ए-६०४ ज्युनियर: मी घरी नाहीये. क्लासला आलोय. आमचं घर बंद आहे.

सेक्रेटरी: ??

सी-१०१ आजी: (नात) आजी विचारते, गच्चीवरून आमच्या खिडकीसमोर एवढं पाणी का पडतंय?