पेट्रोलवर चालणारा पंप पाणी उचलत नाही, प्रायमिंग (पंपात आधी पाणी भरणं) तीनदा करून झालं – मदत हवी आहे (कोल्हापूर)

धागाकर्ती: काठावरची_लागण

नमस्कार मंडळी,

पंचगंगेकाठी आमची दीड एकर सुरू उसाची लागण आहे. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढल्यापासून नदी झरझर उतरली आणि काठावरच्या इलेक्ट्रिक मोटारीचा फुटबॉल (म्हणजे फुटव्हॉल्व्ह, पाण्यातल्या पाईपाच्या टोकाची झडप, आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात) उघडा पडला. वळवाने यंदा नुसता धुरळा बसवला. दुपारी उसाची पानं सुरळी करून उभी असतात, बघवत नाही. आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे सगळं माझ्यावर आहे.

पाहुण्यांकडून दोन इंची पेट्रोल पंप आणला. त्यांच्याकडे ओढ्यावर तो छान चालत होता. मोटारीच्या कट्ट्यावर ठेवला, हिरवा रिंगचा सक्शन पाईप नदीत सोडला, टोकाला जाळी आहे. वरचं झाकण उघडून पंपात काठोकाठ पाणी भरलं, झाकण घट्ट केलं, इंजिन चालू केलं. इंजिन फर्स्ट क्लास चालतं, पण पाण्याचा थेंब नाही. असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी जवळजवळ दहा मिनिटं वाट पाहिली. पंपाच्या अंगाला हात लावला तर चटका बसला, म्हणून बंद केला. आता इंजिन आणि पंप यांच्या मधून थेंब थेंब पाणी गळतंय, हे आधी नव्हतं.

पंप बिघडला का? की माझंच काही चुकतंय? लोकांची वस्तू आहे, खराब करून परत द्यायची नाही. कृपया सांगा.

खोडवा_८६०३२

ताई, आधी उपसाबंदी नाही ना, ते बघून घ्या.

आमचे आजोबा पंपात शेणकाला ओतायचे. फुटबॉल गळका असला तर शेणाने फटी बुजायच्या आणि मोटार पाणी धरायची. बघा करून.

जुना_फिटर

शेणकाला जुन्या मोठ्या पंपांना चालायचा. या छोट्या पंपात तो घालू नका, आत बारीक जागा असतात, गुठळी बसली तर पंखा अडकेल.

ताई, पहिली गोष्ट, कोरडा पंप दहा मिनिटं कधीच चालवायचा नाही. शाफ्टवर मेकॅनिकल सील असतं, त्याच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि मधलं पाणी त्यांना थंड ठेवतं. पाणी नसेल तर सील मिनिटा-दोन मिनिटांत जळू शकतं. थेंब गळतोय तो तिथूनच. तापलेल्या पंपात गार पाणीही लगेच ओतू नका, सील तडकतं. पूर्ण निवू द्या.

आता पंप बिघडलाय की नाही ते घरच्या घरी कळेल. एक पिंप भरून पंपाशेजारी ठेवा. सक्शनचं टोक पिंपात बुडवा, डिलिव्हरीचा (पाणी बाहेर नेणारा) पाईप काढून तोंड मोकळं सोडा, पंपात पाणी भरा आणि चालू करा. मिनिटभरात पाणी फेकलं तर पंप ठीक, दोष पाईपात किंवा उंचीत. नाही फेकलं तर पंप खोलायचा. एवढं करून सांगा, मग पुढचं बोलू.

धागाकर्ती

काका, केलं. जेमतेम अर्ध्या मिनिटात तोंडातून आधी फेस आला, मग गुळण्या टाकल्यासारखं पाणी आलं, आणि मग सरळ धार लागली. पिंप रिकामं झालं लगेच! म्हणजे पंप जिवंत आहे. मग नदीचं पाणी का उचलत नाही?

जुना_फिटर

मग उंची मोजा. पाईप किती लांब पडलाय ते नको, पाण्यापासून पंपापर्यंतची उभी उंची हवी. काठ उतरता आहे, त्यामुळे दोरी सोडून चालणार नाही. पाण्याशी उभ्या राहा, डोळ्यांसमोर काठी आडवी धरा, समोरच्या काठावर जिथे नजर टेकते तिथे खूण करा. मग त्या खुणेवर उभ्या राहून पुन्हा तसंच. तुमच्या डोळ्यांची उंची गुणिले किती वेळा, एवढाच हिशोब.

धागाकर्ती

डोळ्यांपर्यंत माझी उंची पाच फूट. पाच वेळा झालं आणि वर आणखी फूटभर राहिलं. म्हणजे २६ फूट. पुस्तिकेत सक्शन ८ मीटर लिहिलंय, ते २६ फुटांच्या आसपासच होतं ना?

जुना_फिटर

तिथेच सापडलं. पुस्तिकेतला आकडा समुद्रसपाटीचा, नवा पंप आणि घट्ट पाईप धरून लिहिलेला असतो. मुळात पंप पाणी ओढत नाही. तो पाईपातली हवा काढतो आणि बाहेरची हवा नदीच्या पाण्यावर दाब देऊन ते वर चढवते. तो दाब समुद्रसपाटीला जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी उचलेल, त्यापुढे जगातला कुठलाही पंप वरून ओढू शकत नाही. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथेच दोनेक फूट गेले. पाईपातलं घर्षण, जाळी, जुना झालेला पंखा यात आणखी जातात. असल्या पंपाला मी २० फुटांच्या वर कधी बसवत नाही. १५ च्या आत असेल तर उत्तम.

पण हाच पंप वर ढकलायला पैलवान आहे. पाणी एकदा आत आलं की तो सहज ७०-८० फूट चढवतो. म्हणून पंप पाण्याजवळ न्या आणि चढ डिलिव्हरीच्या पाईपाला चढू द्या. काठावर मध्ये कुठे सपाट जागा आहे का? तिथे ठेवा. सक्शन पाईप पाण्यापासून पंपापर्यंत सतत चढता हवा, मध्ये उंटासारखी पाठ निघाली की तिथे हवा अडकते. जाळी तळापासून फूटभर वर आणि पाण्यात फूट-दीड फूट बुडलेली ठेवा. पाण्यावर भोवरा दिसला तर ती हवा घेतेय. आणि पाणी चढेपर्यंत डिलिव्हरीचा चपटा निळा पाईप घडी पडून बसलेला नको, हवेला बाहेर जायला वाट लागते.

विहीरवाला_कागल

मलाही विचारायचं आहे. माझ्या विहिरीचं पाणी ३५ फूट खाली गेलंय. आत मध्यावर कातळाचा टप्पा आहे. दोरखंडाने पंप तिथे सोडून चालवला तर?

जुना_फिटर

दादा, हात जोडून सांगतो, अजिबात नको. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. विहिरीत वारा खेळत नाही, तिथे तो साठत जातो. इंजिन बंद पडलं म्हणून माणूस बघायला उतरतो, तो तिथेच बेशुद्ध होतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. इंजिन बंद करून मग उतरलो तरी धूर आत असतोच. विहिरीला पाण्यात बुडणारी सबमर्सिबल मोटार लावा, लाईट नसेल तर वरून जनरेटरने चालवा. जनरेटरसुद्धा काठावर, उघड्यावर.

धागाकर्ती

मंडळी, पाणी आलं!!

काठावर साधारण १२ फुटांवर गवताची सपाट पट्टी आहे, शेजारच्या दादांनी एका बाजूने धरलं आणि पंप तिथे नेला. भरून चालू केला, दोन मिनिटांत पाणी आलं. पण धार तुटक होती, मध्ये मध्ये पांढरा फेस यायचा आणि फेस आला की इंजिनचा आवाज एकदम हलका व्हायचा. मग बंद करून सक्शनचा जोड बघितला. आतलं रबरी वॉशर एका बाजूला दुमडून कापलं गेलं होतं, नखाएवढा तुकडा गायब होता. पाणी बाहेर गळत नव्हतं, म्हणून माझं तिकडे लक्षच गेलं नाही.

जुना_फिटर

सक्शनचा जोड गळत नसतो ताई, तो हवा आत घेतो. म्हणूनच फसवतो. नवीन वॉशर मिळेपर्यंत जोडावर ओल्या चिकण मातीचा जाड लेप द्या.

धागाकर्ती

दिला. मांजराएवढा मातीचा गोळा बसलाय जोडावर, पण धार एकसारखी झाली. दोन तासांत सहा सऱ्या भिजल्या. आबांना फोनवर पाण्याचा आवाज ऐकवला, ते म्हणाले आधी शेवटच्या सऱ्या घे, तिकडची जमीन हलकी आहे.

सोमवारी पंप उद्यमनगरात नेऊन सील बदलून घेते, पाहुण्यांनाही तसं सांगितलंय. वॉशर दोन घेईन, एक पंपाच्या हँडलला तारेने बांधून ठेवायला.

खोडवा_८६०३२

ताई, पंप रात्री काठावर ठेवू नका. इकडे कोरडं असलं तरी राधानगरीकडे पाऊस झाला की नदी रातोरात चढते.

धागाकर्ती

हो, घरी आणलाय. पेट्रोलही इंजिन गार झाल्यावरच ओतलं. पाईप काठावरच्या करंजीला बांधून आलेय.